वर्गात एकाला त्रास होतो तेव्हा बाकीचे काय करतात?

मृण्मयी_स (धागाकर्ती)

मी शाळांमध्ये समुपदेशनाचे काम करते. सहावी ते दहावीच्या मुलांचे पालक ‘आमच्या मुलाला वर्गात त्रास दिला जातो’ असे सांगत येतात, तेव्हा बोलणे जवळजवळ नेहमी दोनच मुलांभोवती फिरते. त्रास देणारा कोण, आणि सोसणाऱ्यात असे काय आहे की त्यालाच धरले जाते, हे दोन प्रश्न विचारून झाले की मुख्याध्यापकांनाही चौकशी पूर्ण झाल्यासारखे वाटते. वर्गातल्या उरलेल्या पन्नास मुलांना कोणी काही विचारत नाही. छळ समजून घ्यायचा असेल तर सुरुवात या पन्नासांपासून करायला हवी असे माझे मत झाले आहे. येथील शिक्षकांचे, पालकांचे आणि कायदा जाणणाऱ्यांचे अनुभव ऐकावेत म्हणून हा धागा काढत आहे.

छळ कशाला म्हणायचे हे आधी ठरवून घेतलेले बरे, कारण प्रत्येक भांडणाला ते नाव दिले की खरा छळ त्या गर्दीत लपतो. नॉर्वेतील बर्गेन येथे आयुष्यभर या विषयावर काम केलेले मानसशास्त्रज्ञ डान ओल्वेउस यांनी तीन खुणा सांगितल्या आहेत: दुखावण्याचा हेतू, तोच प्रकार पुनःपुन्हा घडणे, आणि दोन्ही बाजूंच्या बळात असा फरक असणे की सोसणाऱ्याला स्वतःचा बचाव करणे अवघड जावे. यातील तिसरी खूण मला सर्वांत महत्त्वाची वाटते. बळ म्हणजे केवळ दंडातली ताकद नव्हे. सोबत किती मित्र आहेत, बोलीभाषा कोणती आहे, आडनाव काय आहे, वडील काय काम करतात, कोणाच्या मोबाइलमध्ये कोणाचा कसला फोटो आहे, या सर्वांतून बळ ठरते. मधल्या सुट्टीत डबा सांडला म्हणून दोघे एकमेकांवर धावून गेले, तर ते भांडण. एकाच मुलाचा डबा दर दोन दिवसांनी ‘चुकून’ सांडत असेल आणि सांडताना आजूबाजूला हशा पिकत असेल, तर तो छळ.

या विषयाच्या अभ्यासाचा इतिहासही बोलका आहे. स्वीडनमधील डॉक्टर पेटर-पॉल हाइनेमान यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस या प्रकाराकडे लक्ष वेधले, तेव्हा त्यांच्या मांडणीत संपूर्ण घोळका एका मुलावर उलटतो असे चित्र होते. ओल्वेउस यांनी त्यावर आक्षेप घेतला. घोळक्याला दोष दिला की त्यात कोणीच जबाबदार उरत नाही, प्रत्यक्षात ठरावीक मुले ठरावीक मुलांना वर्षानुवर्षे त्रास देताना दिसतात, असे त्यांचे म्हणणे होते. १९८२ च्या अखेरीस नॉर्वेत तीन मुलांनी आत्महत्या केल्या, त्यामागे शाळेतील छळ असावा असे बोलले गेले आणि १९८३ मध्ये तेथील सरकारने देशभर मोहीम हाती घेतली. त्या मोहिमेचा पाया ओल्वेउस यांच्या कामाने घातला. पुढे १९९६ मध्ये फिनलंडच्या तुर्कू येथील क्रिस्टिना साल्मिवाली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घोळका पुन्हा चर्चेत आणला, पण या वेळी त्यातील प्रत्येकाची भूमिका वेगळी करून. त्रास देणारा, त्याला हात देणारा, हसून खतपाणी घालणारा, बाजूला उभा राहणारा, सोसणाऱ्याची बाजू घेणारा आणि स्वतः सोसणारा, अशा सहा भूमिका त्यांनी मांडल्या.

टोरांटोतील शाळांच्या मैदानांवर कॅमेरे आणि मुलांच्या अंगावर बिनतारी माइक लावून केलेल्या चित्रणाचा एक अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात छळाच्या ८८ टक्के प्रसंगांत इतर मुले हजर होती, पण १९ टक्के प्रसंगांतच त्यांपैकी कोणी मध्ये पडले. मध्ये पडल्यावर मात्र निम्म्याहून अधिक वेळा दहा सेकंदांच्या आत तो प्रकार थांबला. दहा सेकंद! माझ्या कचेरीत एका प्रकरणाचा कागद हलायला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो.

आता प्रश्न असा की, थांबवणे इतके सोपे असेल तर मुले थांबवत का नाहीत? आपापली मते सांगावीत.

जुन्या_वळणाचा

ताई, लेख अभ्यासपूर्ण आहे, परंतु मला यात अतिरेक दिसतो. आमच्या वर्गात प्रत्येकाला टोपणनाव होते. एकाला त्याच्या उंचीवरून, एकाला रंगावरून, एकाला वडिलांच्या धंद्यावरून हाक मारली जात असे. आम्ही सगळे त्यातून तावून सुलाखून बाहेर पडलो आणि आजही एकमेकांना त्याच नावांनी हाका मारतो. आजच्या मुलांना घरी कोणी ‘अरे’ म्हणत नाही, त्यामुळे बाहेर कोणी ‘का रे’ म्हटले तरी त्यांना समुपदेशक लागतो. जगाचे टक्केटोणपे शाळेत नाही खायचे, तर कोठे खायचे?

मृण्मयी_स

काका, तुमचा आक्षेप अनेकांच्या मनातला आहे, म्हणून त्याला सविस्तर उत्तर देते.

पहिली गोष्ट म्हणजे, जी नावे आज तुम्ही सगळे एकमेकांना प्रेमाने घेता, ती नावे असलेले सर्वच जण त्या स्नेहसंमेलनाला येतात का, हे एकदा पाहावे. जे येतात त्यांची साक्ष आपल्याला मिळते. जे येत नाहीत ते कधी काही सांगत नाहीत.

दुसरी गोष्ट अभ्यासातली आहे. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये १९५८ साली एका आठवड्यात जन्मलेल्या मुलांचा पाठपुरावा तेथील संशोधक आजही करत आहेत. त्यांपैकी ज्यांना सातव्या आणि अकराव्या वर्षी इतर मुलांकडून त्रास होत असल्याचे पालकांनी सांगितले होते, त्यांची पन्नाशीतील स्थिती २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात मांडली आहे. वारंवार छळ सोसलेल्यांमध्ये नैराश्याचे, चिंतेचे आणि आत्महत्येच्या विचारांचे प्रमाण जास्त आढळले, आणि घरची गरिबी, बुद्ध्यंक, लहानपणच्या इतर अडचणी हिशेबात धरूनही तो फरक उरला. हे लोक अगदी ‘त्या काळातले’ आहेत. त्यांना घरी लाडावून ठेवलेले होते असे म्हणता येणार नाही.

टक्केटोणपे खाण्याला माझा विरोध नाही. हरणे, नापास होणे, मित्राशी भांडून पुन्हा बोलू लागणे, हे सगळे मुलांनी अनुभवायलाच हवे. त्या प्रत्येकात मुलाच्या हातात काहीतरी करण्याजोगे असते आणि ते करून पाहिल्यावर त्याला त्याचे फळही दिसते. छळात नेमके तेच नसते. रडले तर हसतात, उलटून बोलले तर जास्त मारतात, गप्प बसले तर ‘भित्रा’ म्हणतात. असे काही महिने चालले की मूल एकच गोष्ट शिकते, आपण काहीही केले तरी फरक पडत नाही ही. हा धडा जगात उपयोगी पडतो असे मला वाटत नाही.

तापीकाठचा

मी खानदेशातील तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत शिकवतो. शाळेला जोडून वसतिगृह असल्याने दिवसा आणि रात्री, दोन्ही वेळी मुलांचे वागणे पाहण्यात येते.

‘मुले मध्ये का पडत नाहीत’ या प्रश्नाचे मला दिसणारे उत्तर भीतीपेक्षा वेगळे आहे. मुलांना वेगवेगळे बाजूला घेऊन विचारले तर बहुतेक जण सांगतात की, ‘सर, त्याच्याशी चुकीचे वागतात, मला आवडत नाही.’ मात्र प्रत्येकाला वाटते की असे वाटणारा आपण एकटाच आहोत आणि बाकी सर्वांना मजा वाटते आहे, कारण बाकी सगळे हसताना दिसतात. तेही याच समजुतीने हसत असतात. वर्गाचे मत आणि वर्गाचे हसणे यांत असे अंतर पडले की दोन दांडगी मुले पन्नास मुलांच्या नावावर राज्य करतात.

दुसरे असे की, कोणाला लक्ष्य करायचे याचा संकेत मुलांना बऱ्याचदा मोठ्यांकडूनच मिळतो, हे माझ्या शिक्षक बांधवांना आवडणार नाही तरी लिहितो. हजेरी घेताना एखाद्या मुलाच्या नावावर शिक्षकाने एकदा विनोद केला की त्या वर्षी तो विनोद वर्गाच्या मालकीचा होतो. अहिराणी बोलणाऱ्या मुलाचे प्रमाण मराठीतले वाक्य शिक्षकाने हसून दुरुस्त केले, तर मधल्या सुट्टीत तेच वाक्य पन्नास वेळा म्हटले जाते. शिष्यवृत्तीचे अर्ज वाटताना प्रवर्गाचे नाव मोठ्याने उच्चारून मुलांना उभे करण्याची पद्धत कित्येक ठिकाणी होती, काही ठिकाणी अजून असेल. त्यानंतर वसतिगृहात ‘फुकट्या’ हे नाव कोणाला पडते आणि कसे पडते, याचा शोध घ्यायला कोणत्याही समितीची गरज नाही.

शाळेतली ही सवय पुढे महाविद्यालयात जाते. मुंबईत नायर रुग्णालयाशी संलग्न वैद्यकीय महाविद्यालयात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या, आमच्या जळगाव जिल्ह्यातील डॉ. पायल तडवी यांनी मे २०१९ मध्ये आत्महत्या केली. वरिष्ठ सहकाऱ्यांनी त्यांच्या आदिवासी असण्यावरून त्यांचा छळ केला असा कुटुंबीयांचा आरोप असून, प्रकरण न्यायालयात असल्याने त्याविषयी अधिक लिहीत नाही. परंतु त्या बातमीनंतर आमच्याकडच्या आदिवासी पालकांनी मुलींना मुंबई-पुण्याला पाठवावे की नाही असा प्रश्न मला विचारला होता, आणि त्यांना देण्यासारखे चांगले उत्तर माझ्याकडे नव्हते.

वेदवती

माझी मुलगी आठवीत आहे. येथे सगळे वर्ग, मैदान आणि वसतिगृहाविषयी लिहीत आहेत, म्हणून दुसरी बाजू मांडते.

तिच्या वर्गाचा व्हॉट्सॲप गट होता. एके दिवशी तोच गट नव्या नावाने पुन्हा तयार झाला आणि त्यात तिला व आणखी एका मुलीला घेतलेले नव्हते. जुन्या गटात कोणीही काही लिहीना. कोणी शिवी दिली नाही, कोणी मारले नाही, कोणी धमकी दिली नाही. शिक्षकांना दाखवावे असे काही घडलेच नाही. सहलीच्या बसमध्ये कोणी कोणाशेजारी बसायचे हे आदल्या रात्री त्या नव्या गटात ठरे आणि सकाळी या दोघींना कळे. पुढे तिच्या एका छायाचित्राचे स्टिकर करून फिरवले गेले, तेव्हा कोठे आम्हाला तक्रार करण्यासारखे काही हाती लागले. पूर्वी गावात कुटुंबाला वाळीत टाकत, त्यासाठी पंच बसावे लागत. आता तेरा वर्षांची ॲडमिन ते रात्री झोपण्यापूर्वी करते.

शाळेने आमच्या तक्रारीवर ‘मोबाइल शाळेच्या आवारात आणण्यास बंदी आहे, त्यामुळे हा विषय शाळेचा नाही’ असे उत्तर दिले. याला काय म्हणावे?

काळा_कोट

वेदवतीताई, ‘हा विषय शाळेचा नाही’ हे उत्तर सोयीचे आहे, बरोबर नाही. ज्याचे परिणाम वर्गात दिसतात त्याबाबत शाळेची जबाबदारी संपत नाही. सीबीएसईने २०१५ मध्ये संलग्न शाळांना छळ आणि रॅगिंग रोखण्यासाठी समित्या नेमण्यास सांगणारे परिपत्रक काढलेले आहे. महाराष्ट्रातील शाळांमध्ये तक्रारपेटी बसवण्याचे शासनाचे आदेश आहेत आणि मार्च २०२२ च्या शासन निर्णयाने विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समित्याही स्थापन करायच्या आहेत. आपल्या शाळेत या गोष्टी कागदावर आहेत की प्रत्यक्षात, हे पालकांनी लेखी विचारावे.

कायद्याची सर्वसाधारण स्थिती सांगतो. रॅगिंगच्या बाबतीत आपले राज्य बरेच आधी जागे झाले होते. महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध अधिनियम १९९९ चा आहे. त्यात दोन वर्षांपर्यंत कारावास आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षा आहे. दोषी ठरलेल्या विद्यार्थ्याला काढून टाकले जाते आणि पाच वर्षे दुसऱ्या संस्थेत प्रवेश मिळत नाही. लेखी तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांच्या आत चौकशी करायची असते, आणि त्याने टाळाटाळ केली तर त्याने गुन्ह्याला साहाय्य केले असे कायदा मानतो. ही शेवटची तरतूद फार थोड्यांना ठाऊक आहे. व्याख्येत महाविद्यालयाशिवाय शिक्षण देणाऱ्या इतर संस्था आणि संलग्न वसतिगृहेही येतात. देशपातळीवर मात्र मार्च २००९ मध्ये हिमाचल प्रदेशातील टांडा येथील वैद्यकीय महाविद्यालयात अमन कचरू या विद्यार्थ्याचा मृत्यू झाल्यानंतरच हालचाल झाली. रॅगिंग रोखण्याचे उपाय सुचवण्यासाठी नेमलेल्या राघवन समितीच्या शिफारशी दोन वर्षांपूर्वीच येऊन पडल्या होत्या. त्यांच्या आधारे विद्यापीठ अनुदान आयोगाने त्या वर्षी नियम केले. ते नियम उच्च शिक्षणापुरते आहेत. १८००-१८०-५५२२ ही मदतवाहिनी त्यातूनच आली.

शाळकरी मुलांच्या बाबतीत मात्र ‘छळविरोधी कायदा’ असा स्वतंत्र कायदा देशात नाही. शिक्षणहक्क कायद्याचे सतरावे कलम शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई करते. परंतु व्यवहारात ते शिक्षकांच्या वर्तनाबाबत वापरले जाते. खासगी अवयवांचे चित्रण वा लैंगिक स्वरूपाचा मजकूर असेल तर माहिती तंत्रज्ञान कायदा आणि पॉक्सो (मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा कायदा) लागू होऊ शकतात. करणारा अठरा वर्षांखालचा असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जाते, आणि सात वर्षांखालील मुलाचे कोणतेही कृत्य गुन्हा ठरत नाही.

एक व्यावसायिक सल्ला देतो, जो माझ्या उत्पन्नाच्या विरुद्ध आहे: मारहाण, धमकी, लैंगिक प्रकार किंवा पैशांची मागणी नसेल तर पोलिस ठाणे ही पहिली पायरी करू नये. परंतु सर्व स्क्रीनशॉट तारखेसह जपून ठेवावेत, आणि शाळेशी तोंडी नव्हे तर लेखी बोलावे व पोच घ्यावी.

नीलिमा_एडिसन

न्यू जर्सीत राहत असल्याने येथील अनुभव लिहिते. रटगर्स विद्यापीठातील टायलर क्लेमेंटी या विद्यार्थ्याने २०१० मध्ये आत्महत्या केल्यानंतर आमच्या राज्याने कडक छळविरोधी कायदा केला आणि तो २०११ पासून शाळांना लागू आहे. प्रत्येक शाळेत या कामासाठी नेमलेली एक व्यक्ती असते. तक्रार आली की मुख्याध्यापकांनी एका शालेय दिवसात चौकशी सुरू करायची आणि ती दहा शालेय दिवसांत पूर्ण करायची. निष्कर्ष पालकांना लेखी कळवला जातो. येथील व्याख्येत प्रकार पुनःपुन्हा घडलाच पाहिजे अशी अट नाही, एक प्रसंगही पुरेसा ठरू शकतो. मृण्मयीताईंनी दिलेल्या व्याख्येपेक्षा हे वेगळे आहे आणि मला ते अधिक योग्य वाटते. दुसऱ्यांदा घडण्याची वाट का पाहायची?

मात्र कायद्याने सर्व काही सुटते असेही नाही. मुदतीचा धाक असल्याने शाळा कागद फार व्यवस्थित करतात. ‘निष्कर्ष: छळ सिद्ध झाला नाही’ असे सुबक पत्र घरी येते आणि मूल दुसऱ्या दिवशी त्याच बसने शाळेत जाते.

आणखी एक गोष्ट आपल्या मंडळात उघडपणे बोलली जात नाही. डब्याच्या वासावरून आणि नावाच्या उच्चारावरून आपल्या मुलांना चिडवले जाते, याविषयी सर्व जण बोलतात. परंतु येथे जन्मलेली आपलीच मुले नुकत्याच भारतातून आलेल्या मुलांच्या उच्चारांची, कपड्यांची आणि तेल लावलेल्या केसांची जी टिंगल करतात, ती गोऱ्या मुलांपेक्षा जास्त बोचरी असते. ‘आम्ही त्यांच्यातले नाही’ हे दाखवण्याची त्यांना घाई असते. अशा प्रकरणात तक्रार जवळजवळ कधीच होत नाही, कारण दोन्ही आयांची शनिवारी मराठी शाळेत भेट होणार असते.

अनामिक_पालक

या धाग्यावर लिहावे की नाही याचा बराच विचार केला. येथे लिहिणाऱ्या बहुतेकांची मुले सोसणाऱ्यांच्या बाजूची आहेत. माझा मुलगा नववीत आहे, आणि तो व त्याचे दोन मित्र वर्गातील एका मुलाला त्रास देतात असे शाळेने आम्हाला बोलावून सांगितले. घरी तो शांत असतो, धाकट्या बहिणीचा अभ्यास घेतो. यजमानांनी त्याला मारले. शाळेने दोघांना समोरासमोर उभे करून हात मिळवायला लावले आणि माफीपत्र लिहून घेतले. आता सगळे ठीक आहे असे वर्गशिक्षिका म्हणतात. माझा त्यावर विश्वास बसत नाही. मी नेमके काय करावे?

मृण्मयी_स

ताई, तुम्ही लिहिलेत हे फार चांगले केलेत. अशा पालकांचा आवाज या विषयात जवळजवळ ऐकूच येत नाही, म्हणून तुमच्या प्रश्नापासून सुरुवात करते आणि मग इतरांच्या मुद्द्यांकडे वळते.

हात मिळवण्याच्या विधीवर तुमचा विश्वास बसत नाही, तो योग्यच आहे. समोरासमोर बसवून समेट घडवणे हा भांडणावरचा उपाय आहे, कारण भांडणात दोन्ही बाजूंनी काही सोडायचे असते. छळात सोसणाऱ्या मुलाने काय सोडायचे? शिक्षकांसमोर हात मिळवताना त्या मुलाला समोरच्याच्या पकडीतून जे समजते, ते शिक्षकांना दिसत नाही. पुष्कळदा त्यानंतर प्रकार थांबत नाही, फक्त शिक्षकांच्या नजरेआड जातो. आणि दुसऱ्यांदा तक्रार करायला ते मूल येत नाही, कारण पहिल्या तक्रारीचे काय झाले हे त्याने पाहिलेले असते. छळ रोखणाऱ्या कार्यक्रमांचा एक मोठा आढावा २००९ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी प्रसिद्ध केला. त्यात असे कार्यक्रम राबवलेल्या शाळांत छळ सरासरीने सुमारे एक-पंचमांशाने कमी झालेला दिसला, परंतु मुलांकडूनच मध्यस्थी करवून घेण्यासारख्या उपायांनी सोसणाऱ्यांचा त्रास वाढण्याकडे कल दिसला.

मारण्याविषयी इतकेच म्हणते की, बळ ज्याच्याकडे आहे त्याने दुसऱ्याला मारून वळवावे हेच मुलाला घरी पुन्हा शिकवले गेले.

तुम्ही स्वतः त्याच्याशी बोलाल तेव्हा ‘का केलेस’ हा प्रश्न टाळावा. त्याचे उत्तर त्याला बहुधा ठाऊक नसते, आणि विचारले की तो त्या मुलाचे दोष सांगू लागतो. त्याऐवजी काय घडले ते क्रमाने विचारावे: कोणी सुरुवात केली, तेव्हा कोण हसले, तो मुलगा काय म्हणाला, त्यानंतर कोण काय बोलले. या कथनात ‘कोण हसले’ याचे उत्तर नीट ऐकावे. तुमचा मुलगा घरी चांगला असतो आणि वर्गात असा वागतो, यात विसंगती नाही. वर्गात त्याला जे मिळते आहे ते घरी मिळण्यासारखे नाही, आणि ते म्हणजे त्या दोन मित्रांमधले स्थान. नववीतल्या मुलाला आई-वडिलांच्या रागापेक्षा ते स्थान जाण्याची भीती अधिक असते. म्हणून त्याला दुसरे स्थान मिळेल असे काही शोधणे, मग तो खेळाचा संघ असो, नाटक असो वा ढोल-ताशा पथक, हा उपदेशापेक्षा अधिक टिकाऊ मार्ग आहे. तसेच त्याला स्वतःला कोठे त्रास दिला जात नाही ना, याचीही चौकशी करावी. काही मुले एका ठिकाणी सोसतात आणि दुसऱ्या ठिकाणी ते उतरवतात. या मुलांना मदतीची गरज सर्वांत जास्त असते.

नीलिमाताई, एका प्रसंगावरही कारवाई व्हावी हे मला मान्य आहे. पुनरावृत्तीची खूण अभ्यासासाठी उपयोगी आहे, दारात आलेल्या मुलाला परत पाठवण्यासाठी नव्हे. विशेषतः छायाचित्र एकदाच पसरवले तरी ते रोज नव्याने पाहिले जाते, त्यामुळे तेथे ‘एकदाच’ या शब्दाला अर्थ उरत नाही.

तापीकाठच्या सरांनी जे निरीक्षण मांडले त्यावरच फिनलंडच्या ‘किवा’ या कार्यक्रमाची उभारणी आहे. हा कार्यक्रम साल्मिवाली यांच्या गटाने २००६ पासून तयार केला आणि पुढे तेथील बहुसंख्य शाळांनी स्वीकारला. त्यात त्रास देणाऱ्यांशी शाळेतील नेमलेली मोठी माणसे बोलतातच, शिवाय वर्गात ज्यांच्या शब्दाला वजन आहे अशा काही मुलांना वेगळे बोलावून सोसणाऱ्या मुलाच्या पाठीशी उभे राहण्यास सांगितले जाते. त्रास देणाऱ्याशी भांडण्याची अपेक्षा त्यांच्याकडून नसते. डबा खाताना शेजारी बसणे, गटात घेणे, घरी जाताना सोबत करणे, एवढेच. असे दिसले की हसणाऱ्यांचे हसणे हळूहळू बंद होते, आणि प्रेक्षक नसलेला खेळ फार काळ चालत नाही. मात्र तेथील संशोधकांनाच पुढे एक कटू गोष्ट आढळली. ज्या वर्गांत छळ खूप कमी झाला, तेथे ज्या एखाद-दुसऱ्या मुलाचा छळ चालूच राहिला त्याची अवस्था पूर्वीपेक्षा वाईट झाली. आता त्याच्यासारखे दुसरे कोणी नसल्याने तो दोष स्वतःकडे घेऊ लागला. म्हणून आकडा कमी झाला की काम संपले असे मानता येत नाही.

आकड्यांचा विषय निघाला म्हणून जपानचे उदाहरण देते. ओत्सु शहरात २०११ मध्ये तेरा वर्षांच्या एका मुलाने आत्महत्या केली, शाळेने आणि स्थानिक शिक्षण मंडळाने प्रकरण झाकल्याचा आरोप झाला, आणि २०१३ मध्ये तेथे छळ रोखण्याचा कायदा झाला. त्यानंतर शाळांनी नोंदवलेल्या प्रकरणांची संख्या वाढत जाऊन २०१९ मध्ये वर्षाला सहा लाखांच्या वर गेली. तेथील शिक्षण खात्याने या वाढीकडे शाळा लवकर लक्ष देऊ लागल्याची खूण म्हणूनही पाहिले. आपल्याकडे ‘आमच्या तक्रारपेटीत वर्षभरात एकही चिठ्ठी आली नाही’ हे संस्थेच्या अहवालात अभिमानाने छापले जाते. पेटी कोठे लावली आहे, ती कोण उघडते आणि चिठ्ठी टाकताना कोणाला दिसते, हे मी आता प्रत्येक शाळेत गेल्यावर आधी पाहते. बहुतेक ठिकाणी ती मुख्याध्यापकांच्या दाराशेजारी असते.

वेदवतीताई, काळा_कोट यांचा लेखी पत्राचा सल्ला मानावा. पत्रात मोबाइलचा उल्लेख शेवटी करावा आणि बसमधील जागा, गटकार्य, मधली सुट्टी यांचा आधी. म्हणजे विषय शाळेचाच आहे हे आपोआप दिसेल. मुलीला गटात परत घ्या अशी मागणी करू नये, ती पूर्ण होते आणि त्याने काहीच साधत नाही. दुसऱ्या मुलीच्या आईला मात्र जरूर भेटावे. दोघी एकत्र आहेत ही फार मोठी गोष्ट आहे. मुलगी जेवण, झोप किंवा शाळा टाळू लागली, अथवा जगण्याविषयी निराशेचे काही बोलली, तर वाट न पाहता डॉक्टरांकडे न्यावे. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि मुलांसाठी १०९८ आहे.

जुन्या_वळणाचा

स्नेहसंमेलनाला कोण येत नाही या वाक्यावर मी विचार केला. दोन-तीन नावे आठवली. तरीही प्रत्येक शाळेत समिती, पेटी, पत्र आणि पोच असा पसारा मांडून मुले धीट होतील असे मला वाटत नाही. तुम्हीच सांगता की एक मुलगा मध्ये पडला की दहा सेकंदांत प्रकार थांबतो. मग तसा मुलगा घडवण्याचे बोला, तो समितीतून घडणार नाही.

काळा_कोट

काका, समिती मुलाला धीट करण्यासाठी नसते. मुलगा मध्ये पडला आणि त्यालाच मार बसला, तर मुख्याध्यापकांना ‘आम्हाला माहीत नव्हते’ असे म्हणता येऊ नये यासाठी असते.

अनामिक_पालक

धन्यवाद मृण्मयीताई. ‘कोण हसले’ हे विचारले. त्याने आधी तीन नावे सांगितली, मग बराच वेळ गप्प राहून म्हणाला की सर पण हसले होते. हे शाळेला कसे सांगावे ते कळत नाही, कारण सांगितले तर मुलगा स्वतःचा दोष शिक्षकांवर ढकलतो आहे असेच ते म्हणतील.

तापीकाठचा

अनामिकताई, तसे म्हणतील हे खरे आहे. तरी सांगावे, पण तक्रार म्हणून नव्हे. माझ्या मुलाने जे केले त्याची जबाबदारी आम्ही घेतो असे आधी स्पष्ट लिहावे, आणि मग त्या तासाला वर्गातील वातावरण कसे होते याकडे लक्ष द्यावे अशी विनंती करावी. शिक्षकाचे नाव पत्रात घालू नये, मुख्याध्यापकांना वेळापत्रक पाहता येते.

जुन्या_वळणाचा काकांना एवढेच सांगतो की, माझ्या वर्गात साठच्या आसपास मुले आहेत आणि शाळेला समुपदेशक नाही, त्यामुळे माझ्याकडेही मोठा पसारा नाही. जे हातात आहे ते करतो. बाक दर महिन्याला मी बदलतो आणि ‘गट तुम्हीच पाडा’ असे कधीही म्हणत नाही, कारण तसे म्हटले की शेवटी कोण उरणार हे सर्वांना आधीच माहीत असते. वसतिगृहात जेवणाच्या रांगेजवळ आणि न्हाणीघराच्या वाटेवर संध्याकाळी स्वतः फेरी मारतो. टोपणनावाने कोणालाही हाक मारत नाही, ते त्याला स्वतःला आवडत असले तरी. प्रवर्गाचे अर्ज एकेकाला बोलावून देतो. त्याला वेळ लागतो आणि कारकून कुरकुरतात. दोन कप्तानांनी आळीपाळीने खेळाडू निवडण्याची पद्धत माझ्या वर्गापुरती बंद केली आहे, चिठ्ठ्या टाकून संघ पाडतो. आमच्या क्रीडाशिक्षकांना ते मान्य नाही, त्यामुळे संघ बरोबरीचे होत नाहीत आणि खेळाची मजा जाते असे त्यांचे म्हणणे आहे, आणि आंतरशालेय सामन्यांच्या तयारीपुरते ते बरोबरही असावे. जिल्हास्तरीय सामने झाले की हा विषय शिक्षकांच्या बैठकीत घ्यायचे ठरले आहे.